दुर्मिळ लिम्फोमाचे आकलन : मँटल सेल लिम्फोमाच्या नामकरणाचा इतिहास आणि रायगड किनारपट्टी

प्रस्तावना

वैद्यकाचा इतिहास सामान्यतः साथीच्या रोगांभोवती लिहिला गेला आहे. पटकी, देवी, प्लेग, हिवताप या रोगांनी मोठ्या लोकसंख्येचा बळी घेतला, शासनव्यवस्थेला हालचाल करण्यास भाग पाडले आणि म्हणून त्यांची कागदपत्रेही विपुल प्रमाणात उपलब्ध आहेत. याउलट जे आजार थोड्यांनाच होतात, त्यांचा इतिहास बहुधा वैद्यकीय पाठ्यपुस्तकाच्या एखाद्या परिच्छेदापुरता मर्यादित राहतो. प्रस्तुत लेखात अशाच एका आजाराचा, म्हणजे मँटल सेल लिम्फोमा या लसीका ग्रंथींच्या दुर्मिळ कर्करोगाचा, ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे. हा विचार करताना पूर्वीचा कुलाबा व आजचा रायगड जिल्हा, विशेषतः त्याची किनारपट्टी, समोर ठेवली आहे. त्याचे कारण असे की भारतातील कर्करोग संशोधनाचे एक अग्रगण्य केंद्र याच जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, खारघर येथे आहे. आणि त्याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला असलेल्या श्रीवर्धनच्या रुग्णाला ते सुमारे दीडशे किलोमीटर दूर आहे.

लेखाचे मुख्य प्रतिपादन असे की, आजाराची दुर्मिळता ही केवळ निसर्गाची देणगी नसते. ती निदानाच्या साधनांवर, वर्गीकरणाच्या चौकटींवर आणि नोंदींच्या व्यवस्थेवरही अवलंबून असते. ज्या आजाराला नाव नाही त्याची गणना होत नाही, आणि ज्याची गणना होत नाही त्याच्यासाठी सोय उभी राहत नाही.

लोकभाषा, आयुर्वेद आणि गाठींची नावे

मानेत, काखेत किंवा जांघेत येणाऱ्या गाठींसाठी मराठीत फार पूर्वीपासून शब्द आहेत. पायाला जखम झाली की जांघेत ‘अवधाण’ येते, हे खेड्यातील कोणालाही ठाऊक असते. मानेभोवती गाठींची माळच उठली तर तिला ‘गंडमाळा’ म्हणतात. पहिल्या शब्दात गाठीचे कारण आणि तिचे तात्पुरतेपण गृहीत आहे; दुसऱ्यात तिचा चिवटपणा सूचित होतो. पुढे क्षयरोगाच्या जंतूचे ज्ञान झाल्यावर गंडमाळा हा शब्द व्यवहारात मानेच्या ग्रंथींच्या क्षयाशी जोडला गेला.

संस्कृत वैद्यक परंपरेत ही मांडणी अधिक काटेकोर आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील अकराव्या अध्यायात ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड यांचे एकत्र विवेचन आहे. अपची म्हणजे जबडा, मान, काख अशा ठिकाणी उठणाऱ्या, काही पिकणाऱ्या, काही विरून पुन्हा नव्याने उद्भवणाऱ्या गाठी. तर अर्बुद म्हणजे गोल, स्थिर, खोलवर मूळ असलेली, सावकाश वाढणारी आणि न पिकणारी गाठ. पिकणारी आणि न पिकणारी असा हा भेद निरीक्षणातून आलेला आहे आणि तो आजही वैद्यकाला अर्थपूर्ण वाटेल असा आहे. तथापि अर्बुद म्हणजे कर्करोग किंवा अपची म्हणजे क्षय असे सरळ समीकरण मांडणे इतिहासाच्या शिस्तीत बसत नाही. त्या काळच्या निरीक्षकासमोर गाठीचे बाह्य वर्तन होते. तिच्या आतील पेशी नव्हत्या. एकाच बाह्य वर्तनामागे अनेक भिन्न आजार असू शकतात, ही गोष्ट सूक्ष्मदर्शकानेच दाखवून दिली.

वसाहतकालीन नोंदी आणि ‘इतर कारणे’

मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअर मालेतील कुलाबा व जंजिरा यांचा अकरावा खंड १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला. याच काळात ब्रिटिश हिंदुस्थानात जन्म-मृत्यूंच्या वार्षिक नोंदी आरोग्य खात्यामार्फत संकलित होऊ लागल्या होत्या. गावपातळीवरील अधिकाऱ्यांनी दिलेल्या माहितीवरून मृत्यूची कारणे काही मोजक्या रकान्यांत विभागली जात : पटकी, देवी, ताप, अतिसार व आमांश, अपघात व इजा आणि शेवटी ‘इतर कारणे’. या रकान्यांमागील प्रशासकीय दृष्टी स्पष्ट आहे. ज्या रोगांमुळे महसूल, सैन्य आणि व्यापार धोक्यात येई, त्यांना स्वतंत्र रकाना मिळाला.

लसीका ग्रंथींच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या माणसाची नोंद या व्यवस्थेत कोठे झाली असेल, याचे उत्तर कठीण नाही. अशा रुग्णांना बहुधा ताप येतो, वजन घटते, रात्री घाम सुटतो. म्हणजे तो मृत्यू ‘ताप’ या रकान्यात तरी गेला असेल किंवा ‘इतर कारणे’ या रकान्यात तरी. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात कुलाबा जिल्ह्यात हा आजार नव्हता असा निष्कर्ष कागदपत्रांवरून काढता येत नाही. तो पाहण्याची दृष्टी त्या कागदपत्रांना नव्हती एवढेच म्हणता येते. कागदावरील शांतता म्हणजे आजाराचा अभाव नव्हे, ही सावधगिरी वैद्यकाच्या इतिहासकाराने सतत बाळगावी लागते.

हॉजकिनपासून रॅपापोर्टपर्यंत

या ग्रंथींच्या आजारांचे आधुनिक आकलन १८३२ मध्ये सुरू झाले असे मानले जाते. लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील थॉमस हॉजकिन यांनी त्या वर्षी सात रुग्णांच्या लसीका ग्रंथी व प्लीहेतील विकृतींचे वर्णन प्रसिद्ध केले. १८६५ मध्ये सॅम्युअल विल्क्स यांनी या आजाराला हॉजकिन यांचे नाव दिले. १८९८ मध्ये कार्ल स्टर्नबर्ग आणि १९०२ मध्ये डोरोथी रीड यांनी या आजाराची ओळख पटविणाऱ्या मोठ्या पेशींचे वर्णन केले. पुढे १९२६ मध्ये हॉजकिन यांच्या जतन केलेल्या काही नमुन्यांची सूक्ष्मदर्शकाखाली फेरतपासणी झाली, तेव्हा ते सर्व एकाच आजाराचे नव्हते असे आढळून आले. ज्यांच्यामुळे आजाराला नाव मिळाले त्यांच्याच रुग्णांत दुसरे आजार मिसळलेले होते, ही बाब या क्षेत्राच्या पुढील इतिहासाची जणू पूर्वसूचनाच ठरली.

हॉजकिनच्या आजारात न बसणाऱ्या उरलेल्या सर्व गाठींना ‘नॉन-हॉजकिन लिम्फोमा’ हे नकारार्थी नाव मिळाले. वसाहतकालीन ‘इतर कारणे’ या रकान्याशी त्याचे साधर्म्य लक्षणीय आहे. या उरलेल्या राशीचे विभाजन करण्याचा प्रयत्न अमेरिकेत हेन्री रॅपापोर्ट यांनी १९५६ व १९६६ मध्ये केला. पेशींचा आकार आणि त्यांची रचना गोलाकार पुंजक्यांची आहे की सर्वत्र पसरलेली, हे त्यांचे निकष होते. बी आणि टी असे लसीकापेशींचे दोन वर्ग तोवर पुरते उलगडले नव्हते. ते उलगडल्यावर १९७४ मध्ये जर्मनीत कार्ल लेनर्ट यांच्या नेतृत्वाखाली कील वर्गीकरण आणि अमेरिकेत ल्यूक्स व कॉलिन्स यांचे वर्गीकरण पुढे आले. एकाच गाठीला युरोपात एक व अमेरिकेत दुसरे नाव अशी स्थिती निर्माण झाली. १९८२ मध्ये ‘वर्किंग फॉर्म्युलेशन’ या नावाने तडजोडीचा आराखडा तयार झाला; परंतु तो प्रामुख्याने पेशींच्या दिसण्यावर आणि आजाराच्या वेगावर आधारलेला होता.

मँटल सेल लिम्फोमाचे नामकरण

लसीका ग्रंथीच्या आत पेशींची गोलाकार केंद्रे असतात आणि त्यांच्याभोवती लहान लसीकापेशींचे एक कडे असते. या कड्याला इंग्रजीत मँटल, म्हणजे पांघरलेली झूल, असे म्हणतात. मँटल सेल लिम्फोमाच्या पेशी या कड्यातील पेशींशी साम्य दाखवितात. कील वर्गीकरणात हा आजार ‘सेंट्रोसायटिक’ या नावाने ओळखला जाई. अमेरिकेत त्यालाच कोणी ‘मध्यवर्ती लसीकापेशींचा लिम्फोमा’ म्हणत, तर १९८२ पासून ‘मँटल झोन लिम्फोमा’ हे नावही वापरात आले. त्याच वर्षीच्या वर्किंग फॉर्म्युलेशनमध्ये मात्र त्याला स्वतंत्र स्थान नव्हते. त्याचे रुग्ण अन्य तीन-चार वर्गांत विखुरले गेले.

या गोंधळातून वाट निघाली ती पेशीच्या दिसण्यातून नव्हे, तर तिच्या गुणसूत्रांतून. अकराव्या आणि चौदाव्या गुणसूत्रांतील तुकड्यांची अदलाबदल काही लसीकापेशींच्या कर्करोगांत आढळत होती. १९८४ मध्ये या जोडाच्या जागेचा जनुकीय शोध लागला. १९९१ मध्ये परावटू ग्रंथीच्या गाठींचा अभ्यास करीत असलेल्या संशोधकांना एक जनुक सापडले. त्यापासून तयार होणारे प्रथिन, सायक्लिन डी-१, पेशीला विभाजनाकडे ढकलते. मँटल सेल लिम्फोमात गुणसूत्रांच्या अदलाबदलीमुळे हेच जनुक सतत कार्यरत राहते, असे निष्पन्न झाले. एका ग्रंथीच्या अभ्यासातून दुसऱ्या ग्रंथीच्या आजाराचे रहस्य उलगडावे, हे विज्ञानाच्या इतिहासात अपवादात्मक नाही. १९९२ मध्ये पीटर बँक्स व सहकाऱ्यांनी ‘मँटल सेल लिम्फोमा’ हे एकच नाव सुचविले. १९९४ मध्ये एकोणीस विकृतिशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने मांडलेल्या ‘रिअल’ वर्गीकरणात आणि २००१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ते स्थिर झाले.

नाव एक झाल्यावरच आजाराचे स्वरूपही स्पष्ट झाले. तो बहुधा साठीच्या आसपास किंवा त्यानंतर होतो, स्त्रियांपेक्षा पुरुषांत अधिक आढळतो आणि निदान होईपर्यंत बहुतेक रुग्णांत अस्थिमज्जा, प्लीहा किंवा आतड्यांपर्यंत पोहोचलेला असतो. पेशी लहान व शांत दिसतात. पण बहुतांश रुग्णांत आजार पुन्हा पुन्हा उलटतो. काही थोड्या रुग्णांत मात्र तो अनेक वर्षे मंद राहतो. दिसण्यावरून वर्गीकरण करणाऱ्या जुन्या पद्धतींना तो का चकवीत राहिला, याचे उत्तर या विसंगतीत आहे.

मुंबईतील संस्था आणि भारतीय आकडे

परळ येथील टाटा मेमोरिअल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. त्याच्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सांभाळली. भारतातील विकृतिशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे स्थान अग्रभागी आहे. १९५२ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले आणि तेथेच डॉ. कमल रणदिवे यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. रुग्णालय १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे आले आणि १९६६ मध्ये रुग्णालय व संशोधन केंद्र टाटा मेमोरिअल सेंटर या नावाखाली एकत्र झाले.

गणनेची व्यवस्थाही याच शहरात उभी राहिली. १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबई कर्करोग नोंदणी सुरू केली. लोकसंख्येवर आधारित अशी ती देशातील पहिली नोंदणी होय. ग्रामीण भागासाठी अशी नोंदणी सुरू होण्यास १९८७ साल उजाडावे लागले, आणि तीही सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे. म्हणजे बंदराच्या अलीकडे मुंबईत प्रत्येक कर्करोगाची नोंद होऊ लागली, त्यावेळी पलीकडच्या मांडवा-रेवसच्या किनाऱ्यावरील रुग्ण मुंबईच्या रुग्णालयात पोहोचला तर त्या रुग्णालयाच्या दप्तरात येई. न पोहोचला तर कोठेच येत नसे.

भारतीय लिम्फोमांचे चित्र प्रथम मोठ्या प्रमाणावर स्पष्ट केले ते टाटा मेमोरिअल रुग्णालयातील के. एन. नरेश, व्ही. श्रीनिवास आणि सी. एस. सोमण यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने. त्यांनी २७७३ नॉन-हॉजकिन लिम्फोमांचे नव्या वर्गीकरणानुसार विश्लेषण केले. त्यांपैकी ७९.१ टक्के बी-पेशींचे आणि १६.२ टक्के टी-पेशींचे होते. मोठ्या बी-पेशींचा पसरणारा लिम्फोमा सुमारे ३४ टक्के, तर मँटल सेल लिम्फोमा ३.४ टक्के होता. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात मँटल सेल लिम्फोमाचे प्रमाण सुमारे ६ टक्के होते. या फरकाचा काही भाग लोकसंख्येच्या वयोरचनेशी संबंधित असणे शक्य आहे, कारण हा उतारवयातील आजार आहे. काही भाग मात्र रुग्णालयापर्यंत कोण पोहोचतो या प्रश्नाशी निगडित मानावा लागतो. साठीपुढचा पुरुष, मानेत न दुखणारी गाठ आणि दूरचे गाव, ही स्थिती असता रुग्ण परळपर्यंत जाईलच याची शाश्वती देता येत नाही.

खारघर : जिल्ह्याच्या सीमेवरील विज्ञान

कुलाबा जिल्ह्याचे नाव १ जानेवारी १९८१ रोजी रायगड झाले. २००२ मध्ये परळची कर्करोग संशोधन संस्था पनवेल तालुक्यातील खारघर येथे स्थलांतरित झाली आणि तिला ‘अ‍ॅक्ट्रेक’ हे नवे रूप मिळाले. मार्च १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी टाटा रुग्णालयात भारतातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले होते. त्या परंपरेतील प्रत्यारोपण विभागही पुढे खारघरला आला. मँटल सेल लिम्फोमाच्या दृष्टीने हे महत्त्वाचे होते, कारण तरुण व सशक्त रुग्णांत तीव्र रसायनोपचारानंतर स्वतःच्याच मूलपेशींचे प्रत्यारोपण हा दीर्घकाळ प्रमाण उपचार राहिला.

उपचारांचा इतिहासही नामकरणाच्या पाठोपाठच घडला. बी-पेशींवरील विशिष्ट खुणेला चिकटणारे रिटुक्सिमॅब हे प्रतिपिंड १९९७ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. २००७ मध्ये डॉ. रेड्डीज या हैदराबादच्या कंपनीने त्याची भारतीय आवृत्ती बाजारात आणल्यावर ते अधिक रुग्णांच्या आवाक्यात आले. २०१३ मध्ये आयब्रुटिनिब हे तोंडाने घ्यावयाचे औषध याच लिम्फोमासाठी अमेरिकेत प्रथम मान्य झाले. २०२३ मध्ये कंपनीने तेथील ही मान्यता स्वतःहून मागे घेतली असली, तरी त्याच प्रकारची नंतरची औषधे वापरात आहेत. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय अभ्यासामुळे अशा औषधाची जोड सुरुवातीपासून दिल्यास प्रत्यारोपणाची गरज कितपत उरते, हा प्रश्नही पुढे आला आहे.

खारघर येथे ४ जून २०२१ रोजी भारतातील पहिला कार-टी पेशी उपचार करण्यात आला. यात रुग्णाच्याच टी-पेशी काढून, त्यांना कर्कपेशी ओळखण्यास जनुकीय बदलाने सक्षम करून पुन्हा शरीरात सोडले जाते. भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई आणि टाटा मेमोरिअल सेंटर यांच्या सहकार्यातून विकसित झालेल्या या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये बी-पेशींच्या उलटलेल्या लिम्फोमा व ल्युकेमियासाठी मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. त्याचा खर्च विदेशी उपचाराच्या तुलनेत बराच कमी असला, तरी तो लाखोंच्या घरात आहे.

किनाऱ्यावरील रुग्ण आणि नावाची किंमत

जिल्ह्याच्या एका टोकाला असे विज्ञान उभे असताना दुसऱ्या टोकाला प्रश्न अजूनही निदानाच्या पहिल्या पायरीचाच आहे. भारतात मानेतील जुनाट गाठीचे एक प्रमुख कारण क्षयरोग हे आहे. त्यामुळे डॉक्टरांनी प्रथम क्षयाचा विचार करणे अवैज्ञानिक नाही. अडचण उद्भवते ती पुराव्याशिवाय क्षयाचे उपचार सुरू होऊन गाठ कमी न झाल्यावरही ते तसेच चालू राहतात तेव्हा. सुईने काढलेल्या पेशींवरून संशय येऊ शकतो. परंतु लिम्फोमाचा प्रकार ठरविण्यासाठी बहुधा संपूर्ण गाठ काढून तिच्यावर प्रतिपिंडांच्या साहाय्याने चाचण्या कराव्या लागतात. सायक्लिन डी-१ ची चाचणी झाल्याशिवाय मँटल सेल लिम्फोमा हे नाव बहुतेक रुग्णांच्या अहवालावर येऊ शकत नाही. गाठ काढणे तालुक्याच्या ठिकाणी शक्य आहे. तिचे नाव ठरविणे मात्र सुसज्ज प्रयोगशाळेतच होते.

हे नाव केवळ शास्त्रीय नसते. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातील ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत रायगडचा समावेश होता. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. या योजनेत खर्चाची मंजुरी निश्चित निदानावर व ठरलेल्या उपचारावर मिळते. म्हणजे ज्याच्या आजाराला नाव मिळाले त्याच्यासाठी दार उघडते. ‘गाठ’ एवढेच निदान असलेला रुग्ण दाराबाहेर राहतो.

प्रवासाची साधने बदलली आहेत हे मान्य करावे लागेल. पूर्वी पावसाळ्यात गेटवे–मांडवा बोटी बंद राहत आणि अलिबागच्या रुग्णाला पेणमार्गे वळसा घालावा लागे. १२ जानेवारी २०२४ रोजी खुल्या झालेल्या अटल सेतूने परळलगतची शिवडी उरण तालुक्यातील चिर्ले गावाशी जोडली. अलिबाग येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. तथापि मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन या भागांसाठी अंतराचे स्वरूप फारसे बदललेले नाही. मासेमारी वा बागायतीवर उदरनिर्वाह असलेल्या कुटुंबाला प्रत्येक फेरीमागे बुडणारी मजुरी हा औषधाइतकाच मोठा खर्च असतो.

समारोप

मँटल सेल लिम्फोमाचा इतिहास पाहता तीन गोष्टी लक्षात येतात. एक, हा आजार १९९२ मध्ये निर्माण झाला नाही. तो आधीही होता, परंतु निरनिराळ्या नावांच्या रकान्यांत विभागलेला होता. दोन, त्याच्या आकलनाची प्रत्येक पायरी साधनांशी बांधलेली होती : प्रथम सूक्ष्मदर्शक, मग पेशींचे वर्ग, मग गुणसूत्रे आणि प्रथिने. तीन, साधने एका ठिकाणी उपलब्ध झाली म्हणजे ती सर्वत्र पोहोचली असे होत नाही. खारघरमधील प्रयोगशाळेसाठी हा आजार १९९० च्या दशकानंतरचा आहे. पण ज्या गावातील गाठीचा तुकडा त्या प्रयोगशाळेपर्यंत पोहोचत नाही, तेथे वैद्यकाचा काळ अजून ‘इतर कारणे’ या रकान्यापाशीच थांबलेला आहे.

यातून निघणारी अपेक्षा मोठी नाही. प्रत्येक तालुक्याला प्रत्यारोपण केंद्र मिळणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. परंतु चार ते सहा आठवडे न विरणारी किंवा क्षयाच्या उपचारांना दाद न देणारी गाठ काढून तिचा नमुना सुस्थितीत जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत आणि तेथून खारघर वा परळला पोहोचविण्याची नियमित व्यवस्था उभी करणे, हे जिल्ह्याच्या आवाक्यातील काम आहे. रुग्णाने प्रवास करण्याआधी त्याच्या गाठीने प्रवास करावा, एवढीच ही मागणी आहे. ती पूर्ण झाली तर रायगड किनाऱ्यावरील या आजाराची नोंद वाढलेली दिसेल. तेव्हा आजार वाढला असा अर्थ न घेता, तो प्रथमच नीट मोजला गेला असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.